टाचेचं दुर्बिणीचं ऑपरेशन: निर्णयापासून पुन्हा बुटात पाय घालेपर्यंत

जुन्या टाचदुखीवरचं दुर्बिणीचं ऑपरेशन वीस-तीस मिनिटांत उरकतं आणि पेशंट बहुतेक त्याच संध्याकाळी घरी येतो. एवढं ऐकलं की लोक दोन चुका करतात. एक तर घाईने तारीख घेतात, नाही तर घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी ओट्यापाशी उभे राहतात. बाहेरून दिसणारी जखम अर्ध्या-पाऊण सेंटिमीटरची असते हे खरं. पण आत जो पट्टा कापला जातो, त्यावर पावलाची कमान उभी असते. सगळी सावधगिरी त्या पट्ट्यासाठी आहे.

इंदूरमध्ये हाडांचे डॉक्टर भरपूर आहेत, सरकारी एम.वाय. हॉस्पिटलपासून मोठ्या खाजगी हॉस्पिटलांपर्यंत. पण गुडघा-खुबा करणारे जास्त आणि पायाचं काम नियमित करणारे कमी. म्हणून आधी स्वतःला थोडी माहिती असलेली बरी.

पहिली पायरी: दुखतंय ते नेमकं काय आहे?

टाचेच्या हाडाच्या खालच्या बाजूला, आतल्या अंगाला, एक जाड पांढरा पट्टा सुरू होतो आणि चवड्याकडे पसरत पाचही बोटांच्या मुळांशी जातो. याला प्लांटार फॅशिया म्हणतात. बोटं वर उचलली की हा पट्टा ताणला जातो आणि कमान वर येते. हाडाजवळच्या त्याच्या मुळाशी वर्षानुवर्षं ताण येत राहिला की तिथले तंतू झिजतात, जाड होतात. नाव प्लांटार फॅशियायटिस असलं तरी जुन्या दुखण्यात सूज कमी आणि झीज जास्त असते. नुसत्या सूज उतरवणाऱ्या गोळ्यांचा म्हणूनच फारसा उपयोग होत नाही.

याची ओळख ठरलेली आहे. सकाळचं पहिलं पाऊल, किंवा बराच वेळ बसून उठल्यावरचं पहिलं पाऊल, जीव काढतं. दहा-वीस पावलं चालल्यावर बरं वाटतं आणि संध्याकाळी पुन्हा ठणका लागतो. अंगठ्याने टाचेच्या आतल्या-पुढल्या कडेला दाबलं की नेमकी जागा सापडते. ओपीडीत डॉक्टर "सुबह पहला कदम रखते ही दर्द होता है?" असं विचारतात, त्यामागचं कारण हेच.

यात न बसणारं दुखणं असेल तर आधी दुसरं काही शोधायला हवं. टाच दोन्ही बाजूंनी तळहातांत धरून दाबल्यावर कळ आली, तर हाडाला बारीक चीर असू शकते. जळजळ, मुंग्या, रात्री झोपेतही दुखणं हे नस दबल्याचं लक्षण. टाचेजवळून जाणारी बॅक्स्टर नावाची नस दबली असेल, तर नुसता पट्टा कापून काम भागत नाही. तिशीच्या आतला मुलगा, दोन्ही टाचा आणि सकाळी तासभर आखडलेली कंबर असं असेल, तर ऱ्हुमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे सांधेवाताचा डॉक्टर, गाठायचा. दुखणं टाचेच्या मागे, बुटाची कड लागते तिथे असेल, तर तो आजारच वेगळा. आणि टाचेच्या मधोमध, गादी पातळ झाल्यासारखं, कडक फरशीवर ठेचल्यासारखं दुखत असेल, तर पट्टा कापल्याने ते वाढूसुद्धा शकतं.

तपासण्या फार लागत नाहीत. उभं राहून काढलेला पायाचा एक्सरे आणि टाचेची सोनोग्राफी. सोनोग्राफीत पट्टा 4 मिलिमीटरपेक्षा जाड दिसला तर निदानाला बळ मिळतं. एमआरआय शंका असेल तरच. रक्तात एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांची सरासरी साखर, बघायचं, आणि शाकाहारी माणूस असेल किंवा बरीच वर्षं मेटफॉर्मिन ही साखरेची गोळी चालू असेल तर बी-१२ सुद्धा, कारण त्याच्या कमतरतेनेही तळवे जळतात. युरिक अॅसिड थोडं वर दिसलं म्हणून टाच त्याने दुखते असं धरून चालू नये.

एक्सरेत "काटा" दिसला की घरात चर्चा सुरू होते. हाडाचा असा काटा कधीच टाच न दुखलेल्या पुष्कळ लोकांत सापडतो. दुखणं काट्याने नसतं, म्हणून बहुतेक ऑपरेशनांत तो तसाच ठेवतात. "काटा काढून टाकतो, मग दुखणार नाही" एवढंच समजावणारा डॉक्टर भेटला तर दुसरं मत घ्यावं, असं आमचं स्पष्ट मत आहे.

दुसरी पायरी: सहा महिने, पण खरे सहा महिने

दहापैकी आठ-नऊ जणांची टाच ऑपरेशनशिवाय बरी होते. वेळ मात्र सहा महिने ते वर्षभर लागतो. ऑपरेशनचा विषय सहसा सहा ते बारा महिने नीट उपचार होऊनही फरक पडला नाही तरच निघतो. अडचण अशी की "सगळं करून बघितलं" म्हणणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांनी केलेलं असतं ते चार गोळ्या, एक इंजेक्शन आणि बाटलीवर पाय फिरवणं.

पट्ट्याचा ताण असा द्यायचा: पलंगावर बसून दुखरा पाय दुसऱ्या मांडीवर घ्या, हाताने बोटं नडगीकडे ओढा, दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने तळव्यात पट्टा दोरीसारखा ताठ झालाय का बघा. दहा सेकंद धरा, सोडा, असं दहा वेळा. दिवसातून तीनदा, आणि त्यातलं पहिलं सकाळी जमिनीला पाय लावायच्या आधी. हे आधी झालं नाही तर अर्धा फायदा तिथेच गेला.

पोटरीचा ताण वेगळा. भिंतीला हात टेकून दुखरा पाय मागे, टाच जमिनीला चिकटलेली, गुडघा सरळ, तीस सेकंद, तीनदा.

तिसरा व्यायाम ताकदीचा आहे आणि लोक टाळतात तो हाच. जिन्याच्या पायरीवर टॉवेलची गुंडाळी ठेवा, बोटं तिच्यावर म्हणजे वर वळलेली राहतील, टाच पायरीबाहेर. तीन सेकंदांत टाच वर, दोन सेकंद थांबा, तीन सेकंदांत खाली. बारा वेळांतच पाय दमेल इतका भार घ्या, गरज पडली तर पाठीवर पुस्तकं भरलेली सॅक. असे तीन सेट, एक दिवसाआड. दोन आठवड्यांनी वजन वाढवून दहा-दहा वेळांचे चार सेट, पुढे आठ-आठ वेळांचे पाच. व्यायाम करताना थोडं दुखलं तर चालतं. दुसऱ्या दिवशी सकाळी जास्त दुखलं तर वजन कमी करा.

पादत्राणांचं म्हणाल तर इंदूरच्या घरांतला मार्बल आणि कोटा टाचेचा वैरी आहे. घरातल्या घरात वापरायला जाड, टाचेला आधार देणारी वेगळी चप्पल ठेवा आणि स्वयंपाकघरातही घाला. क्लॉथ मार्केटमध्ये किंवा सीतलामाता बाजारात दिवसभर गादीवरून उठबस करणारे आणि काउंटरमागे उभे राहणारे दुकानदार दुकानात अनवाणी असतात. त्यांनी पायाखाली दाट रबरी मॅट टाकली तरी फरक कळतो. खजरान्याच्या गणपतीला पायीवारी करायची असेल तर बूट घालून जा, अनवाणीचा नेम बरं वाटेपर्यंत बाजूला ठेवा. मंगळागौरीच्या फुगड्या आणि उड्यांनाही तोच नियम.

इंजेक्शनबद्दल दोन शब्द. स्टेरॉइडने काही आठवडे छान वाटतं, मग परिणाम ओसरतो. पुन्हापुन्हा घेतलं तर टाचेची चरबीची गादी पातळ होते आणि पट्टा आपोआप तुटण्याचा धोका वाढतो. पीआरपी, म्हणजे स्वतःच्या रक्तातून काढलेला प्लेटलेटांचा भाग, सावकाश काम करतं. शॉकवेव्हच्या, म्हणजे मशीनने बाहेरून टाचेवर दाबाच्या लहरी देण्याच्या, बहुधा आठवड्याला एक अशा तीन ते पाच बैठका असतात आणि खरा निकाल तीन महिन्यांनी कळतो. दोन आठवड्यांत फरक नाही म्हणून तो फसला असं समजू नका.

तिसरी पायरी: कोणतं ऑपरेशन?

"छोट्या छिद्राचं" या एका नावाखाली चार-पाच वेगळ्या गोष्टी विकल्या जातात. आपल्याला कोणती सांगितली आहे हे लिहून मागा.

दुर्बिणीतून पट्टा कापणं, म्हणजे एंडोस्कोपिक प्लांटार फॅशियोटॉमी. अमेरिकेत बॅरेट आणि डे यांनी 1991 मध्ये ही पद्धत मांडली. हिच्याबद्दल खाली सविस्तर.

सोनोग्राफीखाली अल्ट्रासॉनिक सुईने झिजलेला भाग काढणं. तीनेक मिलिमीटरच्या छिद्रातून एक बारीक टोक आत जातं, ते कंप पावून खराब तंतू फोडतं आणि सलाइनबरोबर ओढून घेतं. टाचेपुरती भूल पुरते, टाके बहुधा लागत नाहीत. पट्टा सलग राहतो हा मोठा फायदा. टोक एकदाच वापरायचं असल्याने बिलात त्याची वेगळी ओळ असते.

रेडिओफ्रिक्वेन्सीने पट्ट्यात थोड्या थोड्या अंतरावर बारीक छिद्रं पाडून तिथे नव्याने भरण सुरू करण्याचीही एक पद्धत आहे.

आणि पोटरीचं ऑपरेशन. टाच दुखते आणि चीर गुडघ्यामागे, हे ऐकून नातेवाईक गोंधळतात. पण कारण सरळ आहे. पोटरीचा वरचा स्नायू आखूड असेल तर प्रत्येक पावलाला टाच वर ओढली जाते आणि तळव्याचा पट्टा ताणला जातो. घरी बघता येतं: गुडघा सरळ ठेवून पाऊल नडगीकडे ओढा, मग गुडघा वाकवून ओढा. सरळ गुडघ्यात पाऊल काटकोनापुढे जात नसेल आणि वाकवल्यावर सहज जात असेल, तर पोटरी आखडलेली आहे. अशा पेशंटमध्ये काही सर्जन तळव्याला हातच लावत नाहीत. गुडघ्यामागे दोन-तीन सेंटिमीटरच्या चिरेतून स्नायूचा आतला पांढरा पडदा सैल करतात. कमान शाबूत राहते. पोटरी आखडलेली असेल तर आमचा कल याच बाजूला.

सर्जनला विचारायचे प्रश्न: माझी पोटरी तपासली का? पट्टा किती कापणार? नस दबल्याची शंका आहे का? वर्षाला अशी किती ऑपरेशनं करता? फरक पडला नाही तर पुढे काय? चौथ्या प्रश्नाला जो चिडतो त्याच्याकडे करू नये.

चौथी पायरी: आधीचे चार आठवडे

तंबाखू, सिगारेट, गुटखा चार आठवडे आधी बंद. निकोटिनने पायाच्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि एवढीशी जखमही चिघळते. एचबीए१सी 8 च्या वर असेल तर तारीख पुढे ढकललेली बरी. मधुमेह्यांच्या पायाची नाडी आणि संवेदना ऑपरेशनआधी तपासलेली असलीच पाहिजे. टाचेत अलीकडे स्टेरॉइड घेतलं असेल तर तारीख सांगा, कारण लगेच ऑपरेशन केल्यास जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

औषधांची यादी फोनमध्ये नको, कागदावर न्या. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका आणि चालूही ठेवू नका, ज्यांनी दिल्या त्यांना विचारा. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या साखरेच्या गोळ्या सहसा तीन दिवस आधी थांबवतात. उपाशीपोटी त्या चालू राहिल्या तर साखर फार वाढलेली न दिसताही रक्तात आम्ल वाढू शकतं. भूलतज्ज्ञाला हे आवर्जून सांगा.

विम्याचं थोडक्यात: हे डे-केअर ऑपरेशन आहे, तरी कॅशलेसची पूर्वपरवानगी दोन-तीन दिवस आधी घ्या. सहा महिन्यांच्या उपचारांची कागदपत्रं जोडा, नाहीतर "आधी साधे उपचार केले का" असा शेरा येतो. आयुष्मान कार्ड असेल तर काउंटरवर नेमकं हेच ऑपरेशन पॅकेजात आहे का ते दाखल होण्याआधी विचारा. अंदाजपत्रकात भूल, एकदा वापरायचं सामान आणि वॉकर बूट (घोटा हलू न देणारा उंच, कडक बूट) धरलेत का तेही बघा.

घरात: कमोड किंवा कमोडची खुर्ची, बाथरूमला रबरी मॅट, एक वॉकर किंवा कुबड्या, आणि वॉकर बूट आधीच आणून मापाचा करून ठेवा. रामबागेसारख्या जुन्या भागात अरुंद जिन्याच्या दुसऱ्या मजल्यावर राहत असाल तर दोन आठवडे खाली कुणाकडे सोय होते का पाहा. तारीख निवडता येत असेल तर भर पावसाळा टाळा. ओली पट्टी हे जखम बिघडण्याचं सगळ्यात साधं कारण आहे.

पाचवी पायरी: ऑपरेशनच्या टेबलावर

आदल्या रात्री हलकं जेवण. ऑपरेशनच्या सहा तास आधीपासून अन्न आणि दुधाचा चहा बंद, साधं पाणी दोन तास आधीपर्यंत. पोह्यांची पुडी नातेवाइकांसाठीच. पायावर पेनाने खूण केल्याशिवाय आत जाऊ नका. खूण तुम्ही जागे असताना, तुमच्या देखत व्हायला हवी.

भूल बहुतेक घोट्यापाशी किंवा कमरेतून. घोट्यावर रबरी पट्टी आवळून रक्त थांबवतात म्हणजे दुर्बिणीत स्वच्छ दिसतं. टाचेच्या आतल्या बाजूला, हाडाच्या उंचवट्याच्या किंचित पुढे, एक छोटी चीर. तिथून बोथट अवजाराने पट्टा आणि चरबीच्या मधली वाट मोकळी करतात आणि एक खाच असलेली नळी बाहेरच्या बाजूपर्यंत सरकवतात. दुसरी चीर तिथे. एका तोंडातून चार मिलिमीटरची दुर्बीण, दुसऱ्यातून आकड्यासारखा चाकू. सहायक पाऊल आणि अंगठा वर दाबून धरतो, पट्टा तंतुवाद्याच्या तारेइतका ताठ होतो, आणि मग आतल्या अंगाचा भाग कापतात. स्क्रीनवर पांढऱ्या पट्ट्याच्या कडा दूर होतात आणि मधून लाल स्नायू दिसतो. तो दिसला म्हणजे पूर्ण जाडी कापली गेली.

महत्त्वाचं माप इथे आहे. पट्ट्याच्या रुंदीचा आतला एक-तृतीयांश भाग, फार तर निम्मा. त्याच्यापुढे गेलं की कमान खचते आणि भार पावलाच्या बाहेरच्या कडेवर जातो. मग टाच बरी होते आणि बाहेरची कड दुखायला लागते. वाट चुकून चाकू खोल गेला तर नस दुखावते आणि टाच बधिर होते किंवा जळत राहते. शेवटी सलाइनने धुणं, दोन्हीकडे एक-दोन टाके, जाड पट्टी.

सहावी पायरी: पहिले सहा आठवडे

पहिले दोन दिवस पाय उशांवर, छातीपेक्षा उंच. बर्फ पट्टीवरून पंधरा-वीस मिनिटं, दिवसातून चार-पाचदा. घोट्यातल्या भुलेचा असर आठ-बारा तास किंवा जास्तही राहतो. तो उतरायच्या आधी दुखण्याची गोळी घ्या, उतरल्यावर घेतली तर रात्र वाईट जाते. बोटं दर तासाला हलवा. अंघोळीला पाय प्लॅस्टिकच्या पिशवीत, पण पिशवीवर भरवसा न ठेवता पाय टबाबाहेर.

दोन आठवड्यांपर्यंत वॉकर बुटात, वॉकरच्या आधाराने, घरापुरतं चालणं. जिना चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी ऑपरेशनचा. दहाव्या ते चौदाव्या दिवशी टाके निघतात, मधुमेह्यांचे कधी तीन आठवड्यांनी. तिथून चौथ्या आठवड्यापर्यंत बूट घालूनच पूर्ण वजन, आणि पोटरीचा हलका ताण सुरू. मग आतून कमानीला आधार असलेले साधे बूट. उकिडवं बसणं महिनाभर नको, त्यात पट्टा जोरात ताणला जातो. बसून काम करणाऱ्यांना दोन आठवड्यांत ऑफिस जमतं, दिवसभर उभं राहणाऱ्या शिक्षकांनी आणि दुकानदारांनी सहा आठवडे धरून चालावं. पायरीवरचा टाच उचलण्याचा व्यायाम सहाव्या आठवड्यानंतर. रीजनल पार्कचा भरभर फेरा साधारण तीन महिन्यांनी.

गाडीचं वेगळं सांगायला हवं. उजव्या पायाचं ऑपरेशन असेल तर बूट निघून जोरात ब्रेक दाबता येईपर्यंत कार नाही. अॅक्टिव्हाला पायाचा ब्रेक नसतो म्हणून लोक लवकर काढतात, पण सिग्नलला गाडीचा तोल ज्या पायावर पेलतो तोच नेमका ऑपरेशनचा असतो.

अल्ट्रासॉनिक पद्धतीत हेच वेळापत्रक बरंच आखडतं, बूट एक-दोन आठवडे. पोटरीच्या ऑपरेशनात बहुतेक त्याच दिवशी चालवतात.

पट्टी रक्ताने भिजून टपकू लागली, बोटं निळी किंवा गार पडली, ताप 100.4 फॅरनहाइटच्या वर गेला, जखमेतून पू आला तर त्याच दिवशी हॉस्पिटल. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली तर रात्र काढू नका. छातीत दुखून दम लागला तर थेट 108.

मध्येच अडलं तर

टाचेचं जुनं दुखणं पहिल्याच आठवड्यात गेलं असं काहींना वाटतं, पण खरा हिशेब तीन ते सहा महिन्यांनी करायचा. सहाव्या आठवड्याला थोडी सूज आणि सकाळचा ताठरपणा असतोच.

पावलाची बाहेरची कड किंवा वरचा मधला भाग दुखायला लागला तर तो बहुधा लवकर चालल्याचा परिणाम. दोन-तीन आठवडे परत बुटात जायचं, आत कमानीचा आधार घालायचा. मालिश करून तो जात नाही. चिरेजवळ बधिरपणा काही महिन्यांत कमी होतो. पण वाऱ्याची झुळूक लागली तरी पाय पेटतो, रंग बदलतो, घाम येतो असं झालं तर फिजिओथेरपी लगेच सुरू व्हायला हवी, वाट बघण्यात नुकसान आहे. आणि सहा महिन्यांनंतरही दुखणं जसंच्या तसं असेल, तर परत पट्टा कापण्याआधी निदान पुन्हा तपासायचं. नस, पोटरी, कंबर या क्रमाने. डिस्चार्ज कार्डाबरोबर ऑपरेशनची नोंद मागून घेतलेली असेल, किती कापलं ते तिच्यात असेल, तर दुसऱ्या डॉक्टरचं अर्धं काम तिथेच होतं.

दोन्ही टाचा दुखत असतील तर एकाच वेळी करू नका. ज्या पायावर उभं राहायचं तोही बुटात असेल तर कुणालाच नीट सांभाळता येत नाही. जास्त दुखणारी आधी, मग किमान तीन महिने थांबून दुसरीचा विचार. व्यायाम दोन्ही पायांना चालू ठेवलेला असेल तर दुसरीला बऱ्याचदा ऑपरेशनची वेळच येत नाही.